वारसाच्या कागदावरचं नाव

आमचे अप्पा, चनबसप्पा, सोलापुरातल्या एका सरकारी कचेरीत फंडाचे कारकून होते. घरात कानडी, कचेरीत मराठी आणि राग आला की दोन्ही. शिपायांच्या पगारातून दरमहा थोडं कापून ठेवायचं, नोकरी संपली की ते ज्याचं त्याच्या हातात द्यायचं आणि माणूसच गेला तर त्यानं वारसाच्या कागदावर ज्याचं नाव दिलं असेल त्याला. हे त्यांचं काम. तीस सालानंतरचे ते दिवस. अजून आठवले की जीव तिथंच घुटमळतो बघा.

माणसं साधी, पण एक खोड भारी. वारसाचं नाव विचारलं की गडी खाली मान घालायचे. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं कसं? मग भावाचं नाव सांगून मोकळे. बायको करताना लाजले नाहीत मेले, नाव सांगताना मात्र लाजून चूर.

चंद्रव्वाचा नवरा, कचेरीतलाच शिपाई, असाच भावाचं नाव देऊन वारला. भावानं पैसे उचलले आणि ती दोन लेकरं घेऊन दिवसभर कचेरीच्या पायरीवर बसून राहिली. नियमापुढं अप्पांचं काही चालेना. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढं मात्र हट्टालाच पेटले. एकेका शिपायाला गाठून कागद बदलून घ्यायचे. माणसामागं असा हिंडणारा कारकून आता कुठं दिसतो? सगळ्यांनी ऐकलं, वळसंगच्या येडूनं तेवढं नाही. "बगू की, सायेब" म्हणत त्यानं चार वर्षं काढली.

छत्तीस साली येडूनं छातीच्या दुखण्यानं अंथरूण धरलं. अप्पा रजा टाकून, जुना आणि कोरा असे दोन्ही कागद घेऊन वळसंगला गेले. तिथं काय झालं ते घरी इतक्या वेळा सांगितलं त्यांनी, की मला पाठच आहे.

उशाशी थोरला भाऊ गुंडा बसलेला. मेंढरं राखणारा माणूस. जुन्या कागदावर नाव त्याचंच. येडूची बायको दाराआड. थोरल्या दिरासमोर ती तोंड उघडायची नाही. अप्पांनी तिचं नाव विचारलं, तर येडूनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मरायला टेकला तरी लाज सुटेना! अप्पांनी पुन्हा विचारलं. शेवटी त्यांचा तोल गेला. कागद बदलला नाही तर पैसा गुंडाचा आणि बाई उघड्यावर, हे ते गुंडाच्या तोंडावरच बोलून बसले.

गुंडा उशापासून उठून उभा राहिला. अप्पांना वाटलं, झालं, हा आता आपल्याला बाहेर काढणार.

"फुलाबाई," गुंडा म्हणाला. "लिवा. फुलाबाई नाव हाय तिचं."

येडूनं भिंतीकडं बघतच मान हलवली. अप्पांनी नाव लिहून त्याचा अंगठा घेतला, साक्षीदार म्हणून गुंडाचाही घेतला. बोटाची शाई घोंगड्याला पुसत गुंडानं विचारलं, जुन्या कागदावरचं माझं नाव खोडलं का? नवा कागद झाला की जुना आपोआप रद्द होतो, असं अप्पांनी समजावलं.

"तरी बी खोडा, सायेब. मी बी माणूसच हाय. ऱ्हायलं तर उद्या माजी नियत फिरंल."

अप्पांनी जुना कागद मांडीवर घेतला आणि त्याच्या डोळ्यांदेखत नावावर आडवी रेघ मारली.