सासऱ्यांच्या गालावरचा फेस

लग्न होऊन मी घुग्घुसला आले, तेव्हापासून सासरे आणि मी एकमेकांशी थेट असं फार बोललो नव्हतो. भांडण कधीच नव्हतं. त्यांच्या घरची रीत तशी होती. चहा हवा असला की ते सासूबाईंना म्हणत, "सूनबाईले म्हणा, चहा ठेव." आणि मी तिथंच, हाताच्या अंतरावर उभी असे. मीही त्यांना काही विचारायचं तर सासूबाईंच्या मार्फतच विचारायची. ते माझे मामाजी, मी त्यांची सूनबाई, आणि मधे सासूबाई पुलासारख्या.

मामाजी कोळशाच्या खाणीत होते. वर उघड्यावरची खाण नव्हे, जमिनीखालची. माझ्या लग्नानंतर काही वर्षं ते कामावर जात होते, मग निवृत्त झाले. माणूस मोजकं बोलणारा, आवाज खालच्या पट्टीतला. पण त्यांची दाढी मात्र मी रोज बघायची, कारण ते ती अंगणात करत आणि स्वयंपाकघराची खिडकी अंगणाकडेच उघडते.

खिळ्याला आरसा अडकवायचा, लोटीत कोमट पाणी घ्यायचं, त्यात ब्रश बुडवून ठेवायचा. तोवर चेहरा धुवायचा आणि ओलाच ठेवायचा. मग ब्रश झटकून, साबणाच्या वडीवर फिरवून थेट गालावर टेकवायचा. माझे वडील पोंभुर्ण्याला वाटीत फेस करत आणि मग तो तोंडाला फासत. मामाजी वाटी वापरतच नसत. गालावर ब्रश गोल गोल फिरायचा. आधी नुसतं पांढरट पाणी दिसायचं, मग मोठे बुडबुडे यायचे, मग ते बुडबुडे बारीक होत होत नाहीसे व्हायचे आणि त्या जागी दह्याच्या सायीसारखा घट्ट थर बसायचा. कामावर असतानाच्या दिवसांत पहिला फेस राखाडी निघायचा. आंघोळ करूनही खुंटांच्या मुळाशी कोळसा राहायचाच. तो फेस ते धुऊन टाकत आणि दुसरा उठवत. तो मात्र शुभ्र असे. पोळ्या लाटता लाटता माझं लाटणं तिथं जरा थांबायचं.

माझा नवराही खाणीतच आहे, पण तो मशीननं दाढी उतरवतो, तीही आठवण झाली तर. "बाबा अर्धा तास काय करत राह्यतात कोण जाणे," असं तो म्हणायचा. मला मात्र ते बघायला आवडायचं. दिवसातल्या कुठल्याच दुसऱ्या कामात मामाजी इतके निवांत दिसत नसत.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या तोंडावर मामाजी मोटारसायकलवरून पडले. आमच्याकडच्या रस्त्यावर धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारतात आणि त्याचा काळा, निसरडा चिखल होतो. समोरून ट्रक आला, त्यांनी गाडी कडेला घेतली आणि चाक सरकलं. उजवं मनगट मोडलं. डावा तळहात रस्त्यावर घासून सोलून निघाला. एका हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, दुसऱ्याला पट्टी.

जेवण सासूबाई भरवू लागल्या. कपडे नवरा घालून द्यायचा. या सगळ्याला मामाजी तयार झाले, पण दाढीचं कोणाकडूनच जमेना. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्या पत्तीला हात लावायला घाबरत. नवऱ्यानं एकदा डब्यातला तयार फेस आणून त्यांच्या तोंडाला लावला आणि ड्यूटीच्या घाईत भराभर रेझर ओढला. दोन ठिकाणी कापलं. पुढच्या वेळी त्यानं विचारलं तेव्हा मामाजी "राहू दे" म्हणाले. कोपऱ्यावरचा न्हावी एकदा घरी येऊन गेला, मग तो लग्नसराईत त्याच्या गावी गेला. मामाजींच्या तोंडावर पांढरे खुंट वाढत गेले. ते अंगणात बसणं सोडून आतल्या खोलीत बसू लागले. कोणी भेटायला आलं की तोंडावरून हात फिरवायला जात, आणि हात तर बांधलेले.

त्यातच राजुऱ्याहून निरोप आला. त्यांच्या खाणीतल्या जुन्या सोबत्याच्या धाकट्या मुलीचा निकाह ठरला होता. हे गृहस्थ खाणीत छताला लाकडी खांबांचा आधार लावायचं काम करत. वर्षातून एकदा तरी त्यांचं कुटुंब आमच्याकडे किंवा आम्ही त्यांच्याकडे, असं चालायचं. निकाहाच्या दिवशी नवऱ्याची पहिली पाळी होती आणि सुट्टी मिळाली नव्हती. शेजाऱ्याच्या गाडीतून मामाजी, सासूबाई आणि मी जायचं ठरलं.

सकाळी मामाजी सासूबाईंना म्हणाले, "तुमी दोघी जा. मी नाई येत."

"काऊन? काल तर येतो म्हणत होते!"

"असं तोंड घेऊन त्याच्या पोरीच्या लग्नात कसा जाऊ?"

सासूबाई माझ्याकडे बघू लागल्या. मी दारातच उभी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामाजी, मी करून देऊ का?"

बोलले आणि माझेच कान तापले. सुनेनं सासऱ्याच्या तोंडाला हात लावायचा! सासूबाईच म्हणाल्या, "करू द्या तिले. पोरगीच हाय आपली." मामाजी उठले आणि अंगणात जाऊन खुर्चीवर बसले. मान मागे टेकवली आणि डोळे मिटले.

मी पाणी कोमट केलं, ब्रश भिजवला, साबणावर फिरवला. मग गालाला टेकवला. मी भिंत रंगवतात तसा ब्रश वरखाली ओढू लागले.

"गोल," मामाजी डोळे न उघडता म्हणाले. मधे कोणालाही न घेता माझ्याशी बोललेला तो त्यांचा पहिला शब्द असावा. "दाबू नोको. टोकानं फिरव."

मी टोकानं फिरवू लागले. बुडबुडे आले.

"झाला का, मामाजी?"

"अजून नाई. थेंबभर पाणी घे. थेंबभरच."

लहानपणी आम्ही रिठ्यानं केस धुवायचो, तेव्हा फेस कसा चोळता चोळता येतो ते मला माहीत होतं. पण इथं ब्रशच्या केसांखालून एकेक खुंट मऊ पडताना हाताला कळत होता. आधी खरखर लागायची, मग ती कमी कमी होत गेली. गाल झाला, गळा झाला. हनुवटीवर आले तेव्हा तिथला निळा डाग फेसात गेला. मामाजींच्या हनुवटीवर बोटभर लांब निळी रेघ आहे. मी इतकी वर्षं ती गोंदणाची खूण समजत होते. ब्रश तिथून गेला तेव्हा कातडी किंचित उंच लागली. मी थबकले.

"दुखते का इथी?"

"नाई. जुनं हाय." मग फेसात ओठ बुडू नयेत म्हणून जपून, थांबत थांबत ते बोलू लागले. "वरून दगड सुटला होता. मी कमरेपर्यंत दबलो. बाकीचे मागं पळाले. पळाचंच असते, नाईतर सगळेच जातात. हा थांबला. ज्याच्या पोरीचं लग्न हाय ना, हा. हातानं उकरलं त्यानं. वर अजून दगड लोंबत होता, तरी हलला नाई."

मी ब्रश फिरवत राहिले. थांबले तर ते बोलायचे थांबतील असं मला वाटलं.

"हनुवटी फाटली होती. जखमेत कोळसा राह्यला, वरून कातडी आली. दवाखान्यात पडलो होतो, दाढी वाढून खाज सुटे. न्हावी टाक्यांले भिऊन हात लावेना. हा रोज पाळी सुटली की ये. बोट लागलं की जीव जाये, पण ब्रश लागला तर दुखत नसे. थोडा थोडा फेस तोंडावरच उठवे, टाक्यांच्या बाजूबाजूनं. त्याच्या आधी मीबी वाटीतच करत होतो."

सासूबाई उंबऱ्यात बसून पदरानं डोळे पुसत होत्या. त्यांना ते सगळं ठाऊक होतं, पण मामाजींच्या तोंडून इतकं एकदम त्यांनीही कधी ऐकलं नसावं.

फेस आता ब्रशमागे उभा राहत होता. मी रेझर घेतला. मामाजी गाल आतून जिभेनं फुगवून देत, मान वळवून देत. ज्याच्या हातात आपण गळा देतो त्याच्यासमोर इतकं निर्धास्त कसं राहायचं, हे मी त्या सकाळी बघितलं. एकदा उतरवून झाल्यावर ते म्हणाले, "उलटा हात मारतं का, खालून वर?" मी पुन्हा फेस उठवला. या वेळी तो लवकर आला. शेवटी तुरटी फिरवली आणि आरसा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चेहरा इकडून तिकडे वळवून बघितला. "कानाखाली राह्यलं थोडं," म्हणाले आणि हसले. "राहू दे. गाडी आली असन."

राजुऱ्याला मांडवाच्या तोंडाशीच त्यांचे सोबती उभे होते. उंच, वाकलेले, डोक्यावर पांढरी टोपी. मामाजींचे दोन्ही हात बांधलेले, म्हणून त्यांनी मामाजींचा चेहराच दोन्ही हातांत धरला. अंगठा गालावरून फिरवला.

"क्या बात है भाऊ! दाढी कोनं केली?"

"सुनेनं."

"वाटीत फेस करून?"

"नाई. तोंडावरच."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला, "बेटी, आधी जेवून घे," म्हणाले, आणि स्वतः मला बायकांच्या पंगतीपर्यंत सोडायला आले. मांडवात इतकी गर्दी, पोरीचा बाप, शंभर कामं अंगावर. मी त्यांचे हात बघत होते. नखं जाड, बोटांची पेरं सुजल्यासारखी मोठी. याच हातांनी खाली अंधारात दगड उकरले होते, आणि याच हातांनी टाक्यांच्या कडेनं ब्रश फिरवला होता. निकाहाच्या वेळी मामाजी त्यांच्या शेजारी बसले होते. मुलगी निरोप घेऊ लागली तेव्हा ते गृहस्थ रडायला लागले, आणि मामाजींनी आपला प्लास्टरचा हात त्यांच्या पाठीवर टेकवला.

त्यानंतर प्लास्टर निघेपर्यंत दाढी मीच करत होते. एक दिवसाआड, अंगणात. शेजारच्या बायका सुरुवातीला कुंपणावरून बघायच्या. एकीनं सासूबाईंना विचारलंही. सासूबाई म्हणाल्या, "तुही सून करते का? नाई ना? मंग!" पुढे कोणी विचारलं नाही. ब्रश फिरत असताना मामाजी बोलायचे. खाली गरम हवा कशी लागते, उंदीर पळू लागले की माणसं का सावध होतात, पाळी संपवून वर आल्यावर पहिलं ऊन डोळ्यांना कसं बोचतं. माझा नवरा खाणीतच काम करतो, पण इतकं मला त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट लाकडासारखं ताठ झालेलं. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला. मामाजींनी तो एकदा दाबून बघितला आणि माझ्या लेकाला खेळायला देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आरसा खिळ्याला लावला.

"आज माझं मी करतो," ते मला म्हणाले. "तू बस."

मी अंबाडीची भाजी निवडत पायरीवर बसले. पहिल्या दिवशी ब्रश हातातून तीनदा पडला. फेस कानात गेला, भुवईला लागला, गालावर मात्र आलाच नाही. दुखून त्यांचे दात आवळलेले दिसत होते. मी उठू लागले तशी त्यांनी मानेनंच नको म्हटलं. रेझर त्या दिवशी त्यांनी घेतलाच नाही, चेहरा धुऊन उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच; एक दिवसाआड रेझर मात्र अजून मीच फिरवायची. पण रोज त्या गोल फिरण्यात मनगट थोडं थोडं सुटत गेलं. पावसाळा सरता सरता एका सकाळी मी पायरीवरून पाहिलं, तर दोन्ही गालांवर फेस जाड, सारखा बसला होता. हात थोडा वाकडा वळत होता, पण कापत नव्हता. त्यांनी रेझर उचलला, गाल जिभेनं फुगवला, आणि कानाच्या पाळीपासून खाली, थांबत थांबत, एक लांब पट्टा साफ केला.