पाठीला पाठ लागेपर्यंत

दोन वस्तू शंभर मीटर अंतरावर स्थिर आहेत. एकीचं त्वरण तीन, दुसरीचं पाच. दोघी एकमेकींकडे निघाल्या, तर कधी भेटतील? पाच सेकंदांनी. लाखांदूरला अकरावीच्या वर्गात हे गणित मी दरवर्षी फळ्यावर मांडते आणि दरवर्षी मला आई आठवते.

मी स्वतः अकरावीत असताना याचं उत्तर बरोबर काढलं होतं, पण आकृतीत दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून उभी केली होती. सर म्हणाले, "हे काय, रुसलेत का दोघं? भेटायचं तर तोंडं समोरासमोर हवीत." वर्ग खदखदून हसला. मला असा राग आला! पण सर शहरातले, त्यांना काय सांगणार? आमच्या एकोडी गावात धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी, करताना माणूस उलटा चालतो. रोवलेलं पुढे राहतं, आपण मागे सरकतो. आमच्या शेताचा एक छोटा तुकडा, एक बांधी, आई आणि मी दोघीच रोवायचो, ती पलीकडच्या धुऱ्याच्या बांधापासून, मी अलीकडच्या. सुरुवात सावकाश, मग हात बसला की वेग वाढत जायचा. आईचं त्वरण कायम माझ्यापेक्षा जास्त. मध्येच कुठेतरी पाठीला पाठ आदळायची आणि ती म्हणायची, "आली का वो? मी तं कवाची वाट पाहून राहिली!" साफ खोटं.

सरांचं बोलणं तिला सांगितलं, तर हसत म्हणाली, "तुया सरले म्हणाव, एक दिवस रोवणीले या."

यंदाची रोवणी आई गेल्यानंतरची पहिली. बाकीचं शेत मजुरांकडून रोवून घेतलं, ती बांधी मात्र राखून ठेवली. "एकटी कायले मरून राहिली? दोन बाया लाव ना," शेजारची काकू म्हणाली. तिचं खरं होतं. पण मी हट्टी, तेही आईचंच देणं.

पऱ्ह्याच्या रोपांच्या पेंढ्या टाकल्या आणि माझ्या धुऱ्यापासून निघाले. अर्ध्याच्या थोडं अलीकडेच आले तेव्हा कंबर मोडून आली होती. इथेच पाठ लागायची. मी मागे वळून पाहिलं नाही. वेड्यासारखी थोडा वेळ तशीच थांबले, मग पुन्हा वाकले. एक वस्तू हललीच नाही, तरी भेट होते. दुसरीला तेवढं सगळं अंतर एकटीनं कापावं लागतं. हेही मी मुलांना शिकवते.

सांज होता होता टाच आईच्या धुऱ्याला लागली. मी चिखलासकट तिथेच बसले आणि रडत मोठ्यानं म्हणाले, "आली वो माय."