खाली उतरलेली दोरी

माझा उजवा खांदा आखडला तेव्हा डोंबिवलीतल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला एक इंग्रजी प्रश्नावली भरायला दिली. खांद्याने काय काय जमतं, काय नाही, एवढंच विचारणारी. मराठीचा निवृत्त मास्तर मी. भरायची सोडून शेरे मारत बसलो आणि तिथेच फसलो.

"तुर्की बोलणाऱ्या पेशंटांसाठी अशी प्रश्नावली त्यांच्या भाषेत होते, सर, मग आपल्यासाठी का नको? तुमच्याइतकं चांगलं मराठी कुणाचं? तुम्हीच करा," बाई म्हणाल्या.

फुकटात काम काढून घ्यायचा हा डाव, हे मला स्वच्छ दिसत होतं. तरी हो म्हणालो. स्तुती झाली की माझी मान आपोआप हलते. त्याला खांदा लागत नाही.

नुसतं भाषांतर करून भागत नाही. पेशंटांना प्रश्न विचारून त्यांना नेमकं काय कळलं तेही बघावं लागतं. पहिला पेशंट मीच. 'केस विंचरताना त्रास होतो का?' मी लिहिलं, 'अजिबात नाही.' बाईंनी माझ्या टकलाकडे बघितलं आणि कागद निमूट बाजूला ठेवला.

दुसऱ्या पेशंट शहाडच्या एक ताई. चाळीतल्या खोलीत पोळ्या लाटून कल्याणच्या खाणावळीला पुरवायच्या. बाईंनी तपासलं तेव्हा त्यांचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. परक्या बाईच्या घरी जायचं, म्हणून मी आधी त्यांच्या मुलाला फोन करून रीतसर परवानगी घेतली. स्वतःच्या सभ्यतेवर खूश होऊन दारात चपला काढायला वाकलो, तर ओला परकर फाटकन तोंडावर बसला. कपड्यांची दोरी छातीएवढ्या उंचीवर!

"दोरीची जागा आहे का ही?" असं पुटपुटत, चष्मा पुसत मी बसलो.

"मुलाने पाठवलं ना तुम्हाला?" पोळी लाटता लाटता ताईंनी विचारलं.

"छे हो! दवाखान्यातून आलोय. हाच कागद आधी मीही भरलाय."

"मग फोन त्याला कसा गेला?"

मी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. मुलगा सारखा म्हणायचा, आई, आता पोळ्या बंद कर. मी त्याचा हेर, हे ताईंच्या मनात पक्कं बसलं.

वरचा डबा काढता येतो? "येतो." कपडे वाळत घालता येतात? "येतात." पाठ चोळता येते? "येते की." लाटणं थांबलं नाही आणि माझ्यावर रोखलेली नजरही हलली नाही.

दवाखान्यात बाईंनी तो कागद वाचला. "या उत्तरांवर ताईंना क्रिकेटच्या टीममध्ये घेतील, सर. घरी बसून तुम्हीच भरलंत की काय?"

"मी?"

"नाहीतर मग तुमचं मराठी त्यांना कळलेलं नाही."

हे मात्र सहन होण्यासारखं नव्हतं. तडक शहाड गाठलं. या वेळी फोन कुणालाच केला नाही.

चपला काढताना परकर पुन्हा तोंडावर बसला, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. फळ्या रिकाम्या. डबे सगळे खाली, भिंतीशी रांगेत. दोरीचे जुने खिळे मात्र छताजवळ तसेच.

"ताई, वरचा डबा काढता येतो म्हणालात ना?"

"वर काही ठेवतच नाही, तर अडणार कशाला?"

"आणि खांदा?"

त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं. "खांद्याचं कळलं तर तो दुसऱ्या दिवशी पोळपाट माळ्यावर टाकेल. मग मी दिवसभर करू काय? भिंती मोजू?"

मास्तरकीचा जुना किडा वळवळला. "पण हात वर जात नाही, तर दोरी तिथून सोडून इथे बांधली कुणी?"

लाटणं थांबलं.

"त्यानेच. म्हणाला, कपडे पंख्याला लागतात."

"आणि डबे?"

"म्हणाला, वर पाली झाल्यात." ताई दोरीकडे बघत राहिल्या. "मेल्याने एका शब्दाने विचारलं नाही मला."

"आणि पोळपाट?"

"त्याला नाही हात लावला त्याने."

तव्यावरची पोळी करपायला लागली. ती उलटून त्यांनी हात पदराला पुसले. "विचारा पहिल्यापासून. खरं सांगते."

मी ऐटीत चष्मा चढवला. "केस विंचरताना त्रास होतो का?"

ताईंनी माझं डोकं नीट निरखलं.

"आधी तुम्ही काय लिहिलंत ते सांगा."