सरसाचा ब्रश

ती घटना आठवली की आजही मी बोलता बोलता थांबते. आणि मी थांबणारी बाई नव्हे, घरात कुणालाही विचारा.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात मी जमादार होते. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. निमगाव केतकीकडची एक म्हातारी बाई आली आणि बाकावर न बसता थेट माझ्या टेबलापाशी उभी राहिली. मालक काल भिगवणला गेले ते आलेच नाहीत म्हणाली. साखरेचा आजार, गोळ्या घरीच राहिलेल्या.

तिच्या मालकांना सगळा गाव तात्या म्हणायचा. वाडवडिलांची मेंढरं कधीच गेली होती, शेती मुलगा बघायचा, आणि तात्यांना नाद होता दाढीच्या जुन्या ब्रशांचा. आठवडे बाजारात, भंगारवाल्याकडं, म्हाताऱ्या न्हाव्यांच्या पेट्यांत हुडकून ते असले ब्रश आणायचे. शिंगाच्या मुठीचे, पितळी, हाडाचे. झडलेले केस काढायचे, मूठ घासून लख्ख करायचे, दोन मोडक्यांचा मिळून एक चांगला करायचे. मी हसू आवरलं, पण बाईंनी ते पाहिलंच.

"हसा बाई, समदा गाव हसतोय. पर पुण्यासनं माणसं येत्यात त्यांच्याकडं."

काल असाच एक शौकीन पाहुणा रेल्वेनं भिगवणला येणार होता, त्याला दाखवायला तात्या पिशवी घेऊन गेले होते. पिशवीत काय काय होतं, हे मी मिसिंगची नोंद करताना खोदून विचारलं. ही माझी सवयच होती. हरवलेल्या माणसाच्या अंगावरच्या कपड्यांपेक्षा त्याच्या हातातली वस्तू लवकर सापडते. बाईंनी एकेक ब्रश सांगितला. शेवटचा हाडाच्या मुठीचा, लाल कडं असलेला. त्याचं काम अर्धवट होतं. तात्या आधी सरसानं केस नुसते टेकवून बघायचे, उंची मनासारखी दिसली की मग लाखेनं पक्के करायचे. "त्याला पानी लावायचं न्हाय, नुसता दावायला न्हेलाय," असं त्या म्हणाल्या.

वायरलेसवरून संदेश गेले. मी एक शिपाई घेऊन भिगवणला गेले. पाहुणा येऊन भेटून परत गेला होता, हे स्टेशनवर कळलं. चहावाल्यानं तात्यांना आदल्या दुपारी वडापच्या, म्हणजे उतारू भरून नेणाऱ्या खासगी जीपमध्ये बसताना पाहिलं होतं. ड्रायव्हर कोण? दाढीवाला, एवढंच त्याला आठवत होतं. आता यात्रा तोंडावर आलेली, नवसाच्या दाढ्या राखलेले निम्मे ड्रायव्हर. आम्ही संध्याकाळपर्यंत स्टँडवर एकेका दाढीवाल्याला विचारत बसलो. सगळ्यांचं उत्तर एकच, न्हाय बघितलं.

रात्र तशीच गेली. सकाळी साहेबांनी कालव्याचं पाणी बघायला माणसं लावली. त्याचा अर्थ बाईंना कळू नये म्हणून मी त्यांना आत बसवलं, पण त्यांना कळला होता. त्यांनी चहाला हात लावला नाही.

दुपारी स्टँडजवळच्या सलूनवाल्या आप्पांनी मला हाक मारली. खबर द्यायची म्हणून नव्हे, गाऱ्हाणं सांगायला.

"मॅडम, आता लोक देवालाबी फसवाय लागले बघा. यात्रेला आठ दिस हायत अन् त्या जीपवाल्यानं दाढी उतरवली. ती बी घरी! जल्मात कधी वस्तरा धरला न्हाय त्यानं, समदं थोबाड कापून घेतलंय."

नवसाची दाढी माणूस देवापुढं उतरवतो, तीही न्हाव्याच्या हातानं. मधेच उतरवायची तर भीती देवापेक्षा मोठी असावी लागते. आणि न्हाव्याकडं न जाण्याचं कारण एकच, त्यानं विचारलं असतं.

जीपवाल्याला ठाण्यात आणलं. तिशीचा, गालावर ओरखडे. साहेबांनी दरडावून पाहिलं. तो एकच सांगत राहिला, दाढीला खाज सुटली म्हणून काढली, तात्याबित्या कुणी बसलं नव्हतं. मी दोन पंच घेऊन त्याचं घर गाठलं. बायको चुलीपाशी होती. मी तिच्यासमोर बसले, पोराबाळांचं विचारलं, मग दाढीचं. बिचारी सरळ होती. सांगून गेली, नवऱ्यानं काल रात्री कढत पाणी मागितलं, कुठला तरी जुना ब्रश आणला होता, त्याचे केस सुटून सगळे तोंडाला चिकटले, म्हणून शिव्या देत भिरकावला.

मोरीच्या तोंडाशी केसांचा पुंजका अडकला होता, बुडाला चिकट तपकिरी सरस. मूठ उकिरड्यावर सापडली. हाडाची, लाल कडं असलेली. पंचनामा केला आणि ठाण्यात येऊन ती मूठ त्याच्यासमोर ठेवली.

"हा ब्रश विकायचा नव्हता, द्यायचाही नव्हता," मी म्हटलं. "तात्यांनी दिला असता तर पाणी लावू नको म्हणून सांगितलं असतं. तात्या कुठं हायत?"

त्यानं मूठ हातानं बाजूला सारली. मग बोलला. बाकीचे उतारू उतरले होते, तात्या एकटेच पुढं बसलेले. कालव्याच्या वळणावर बिनदाराच्या जीपमधून ते बाहेर फेकले गेले. हलेनात. गाडीला परवाना नव्हता. त्यानं त्यांना उचलून उसाच्या कडेच्या, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत ठेवलं, कडी लावली आणि ओळख पटू नये म्हणून पिशवी उचलली.

"जित्ते होते का?" मी विचारलं.

"न्हाय ठाव."

"परत गेला होतास?"

"काल गेलतो. दारापत्तुर."

"मग?"

"उघडलं असतं तर कळलं असतं."

आमची जीप कालव्याच्या रस्त्यानं कशी गेली, मला आठवत नाही. खोलीची कडी मी काढली. तात्या भिंतीशी पडून होते, मांडीचं हाड मोडलेलं, ओठ फुटलेले, पाइपाच्या सांध्यातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली तोंड नेलेलं. आम्हाला बघून त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं गेले. पण त्यांना उजेड सहन होत नव्हता.

ते जगले. काठी घेऊन का होईना, चालले. बाई दवाखान्यात त्यांना म्हणाल्या, "आता बाजारला मी संगं येनार, अन् ब्रश मी निवडनार." तात्यांनी मान डोलावली.

जीपवाल्याला शिक्षा झाली ती योग्यच झाली. पण तो खुनशी माणूस नव्हता, हेही मला लिहायलाच हवं. वाईट बातमी आपल्याला कळू नये म्हणून माणूस कडी लावून उभा राहतो, आणि आतला जीव त्या कडीनंच जातो. त्यानंतरच्या नोकरीत, कुणी हरवलेलं असलं की संशयिताला मी "काय केलंस?" म्हणून आधी विचारलं नाही. "परत जाऊन बघितलंस का?" एवढंच विचारायची. ज्यांनी काही केलेलं नसायचं ते "कुठं?" म्हणून उलट विचारायचे. बाकीचे खाली बघायचे.