मावशी, मला चक्कर यायलीय

आज मी मशीनवर बसून सुखानं चार कपडे शिवते, ते शेजारच्या मावशीमुळं. ती नात्यातली नाही. नांदेडजवळ विष्णुपुरीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, डाव्या कानानं कमी ऐकणारी, आणि रोज संध्याकाळी धरणाच्या रस्त्यानं चक्कर मारल्याशिवाय चहाला न शिवणारी बाई.

माझं माहेर लातूर जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळकडचं. आठवीत शाळा सुटली, शिवणकाम शिकले, लग्न होऊन नांदेडला आले. नवरा ट्रकवर. एकदा हैदराबादकडं गेला की चार-चार दिवस खोलीत मी एकटी. शाळेचे गणवेश शिवायचे. मशीनला मोटार बसवलेली, म्हणून पायालासुद्धा काम नाही. हात कापडावर आणि डोकं भलतीकडंच. ट्रक उलटला असेल का, आईला बरं नसेल का, फोन का लागंना. एक दिवस छातीत धडधडायला लागलं, डोकं गरगरलं, कॉलर वाकडी लागली. मग ते रोजचंच झालं. दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय चांगलं आहे, काळजीनं होतंय, दिवसभर एका जागी बसू नका. ते ऐकलं, आणि घरी येऊन पुन्हा एका जागी बसले.

काम मागं पडलं. शेवटी भावाला फोन केला, रविवारी ये आणि मला घेऊन जा. गेले असते तर मशीन सुटली असती, आणि माझ्या हातात तेवढी एकच विद्या.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी भिंत धरून दारात आले. मावशी चप्पल घालत होती. म्हणाले, "मावशी, मला चक्कर यायलीय."

"यायलीस? मग चल की."

मी पुन्हा तेच सांगितलं. ती म्हणाली, हाव, ऐकलं, लई दिवसांनी कुणी सोबतीला निघालं. नातीला हाक मारली, माझा हात धरला आणि चालायलाच लागली. मला वाटलं, हा तिचा इलाजच असावा. मोठ्या माणसाला तिसऱ्यांदा काय सांगायचं?

पहिल्या वळणापर्यंत जीव मुठीत होता. छाती धडधडत होतीच, पण चढावर मावशीचीही धडधडत होती, नातीचीही. मग त्या धडधडीचं भ्या वाटेना. नात आईवर रुसून आलेली. तिला मावशीनं कडेच्या मातीत लंगडी घालायला लावलं. एका पायावर रुसवा टिकत न्हाई, म्हणाली. कॉलेजची पोरं परीक्षेचा ताण घेऊन आमच्या बाजूनं पळत गेली, येताना हसत आली. मावशी सांगत होती, तिचा माणूस गेला तेव्हा ती खाली बसली असती, तर बसलेलीच राहिली असती. धरणाचं पाणी दिसलं तेव्हा ध्यानात आलं, मघापासून मला ट्रक आठवलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मीच आधी तयार होते.

रविवारी भाऊ आला तर दाराला कुलूप; त्याला बोलावलंय हेच मी विसरले होते. आम्ही परतलो तेव्हा पायरीवर बसून होता. म्हणाला, "अक्का, तू आजारी हायस म्हणून मी आलो, आन् तू फिरायला?"

"आजारी कोण?" मावशी म्हणाली. "ही तर आपल्या तोंडानं म्हणली, चक्करला यायलीय म्हणून."

तेव्हा मला कळलं तिनं काय ऐकलं होतं ते. मी इतकी हसले की त्याच्या शेजारी पायरीवर बसावं लागलं. भाऊ चहा पिऊन एकटाच लातूरच्या गाडीला गेला.

काळजी गेली असं नाही. ती येते, पण मुक्कामाला राहत नाही. मशीनची मोटार काढली, आता पायानं मारते. उन्हं उतरली की हातातला गणवेश तसाच ठेवून उठते.

मावशीला खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. तिचे गुडघे आताशा कुरकुरतात. ज्या दिवशी ती आज नको गं म्हणून खाटेवर बसून राहील, त्या दिवशी मी तिच्या चप्पला पायाशी आणून ठेवीन आणि तिच्या त्याच डाव्या कानाशी म्हणेन, मावशी, मला चक्कर यायलीय. एवढं तरी मी तिचं फेडणार आहे.