गोदामाच्या फाटकावर

“झाड. सगळ्यांसमोर झाड,” फाटकावरचा पोलीस जमादार म्हणाला.

मी पदर झाडला. मूठभर मिलो खाली पडला. हमाल बघत उभे. जमादाराने मला गुडघ्यांवर बसवलं आणि एकेक दाणा वेचायला लावला. वेचताना लुगडं सुटत होतं. ते सावरायला हात उचलला की काठी टोचायचा.

दुष्काळाचं साल. भुसावळला वॅगनमधून हा मिलो, लाल परदेशी ज्वारी, उतरायचा. लूट होऊ नये म्हणून गोदामाला मिल्ट्रीचा पहारा, फाटकावर पोलीस. देशाचं धान्य राखायला. मी आत सांडलेलं झाडून गोळा करायची. माझी पोरगी गावी आईजवळ. पाल्यावर जगत होती.

मी वेचत असतानाच एक ट्रक निघाला. आमच्या गावच्या रेशनचा, असं हमाल म्हणाले. पुढे शेठ बसलेला. कुणी पोतं मोजलं नाही. जमादाराने सलाम ठोकला. जवानाने आडवा बांबू उचलला.

रविवारी गावी गेले. ट्रकचं विचारलं. आई म्हणाली, “कसाना टरक, माय? महिनाभर दुकानले कुलूप शे.”

पोरगी अंथरुणावर. तिचे हात माझ्या बोटांएवढे झाले होते.

पुढच्या आठवड्यात तोच ट्रक फाटकाशी आला. मी चाकापुढे जाऊन बसले.

“पहिले या टरकनी झडती ल्या, जमादार. मंग मनी.”

जमादार आधी हसला. मग त्याने जवानाला हाक मारली. एरवी एकमेकांशी न बोलणारे ते दोघे धावून आले. एक हात पोलिसाने धरला, एक मिल्ट्रीने. खडीवरून फरफटत नेलं. पाठ सोलून निघाली. ट्रक गेला. कामही गेलं.

मी घरी पोचायच्या आदल्या दिवशी पोरगी गेली होती. आईने माती देऊन टाकली होती.

तिसऱ्या दिवशी मी दारोदार फिरले. पदर झाडल्यापासूनचं सगळं सांगितलं, लुगडं सुटलं तेही. लाज वाटली नाही. पुढे बंदुका आहेत, मार बसेल, गोळीही सुटेल, हेही सांगितलं. कुणाला फसवून न्यायचं नव्हतं.

एकोणीस बाया निघाल्या. आम्ही भुसावळच्या रस्त्याला लागलो. धान्य गावात आल्याशिवाय त्या फाटकातून एकही ट्रक सोडायचा नाही.