त्यांचं काम फार स्वच्छ होतं

"खिळा ठोकलास ना? ठोकलासच!"

आमच्या सुरतेच्या ऑफिसात कुणाच्याही मागे येऊन उभे राहिले की भाऊ हे वाक्य टाकत. मग खिशातून रुमाल काढून त्या माणसाचा कीबोर्ड पुसत, आणि मगच त्याला हात लावत. आदराने 'ते' म्हणते आहे, पण ते जुन्या सवयीने. आता त्यांची आठवण आली की मला किळस येते. तरीही सांगते, कारण असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल आणि तुम्हीही त्याच्यावर जीव टाकत असाल.

खिळ्याची गोष्ट आधी सांगायला हवी. भाऊंचे वडील खानदेशातून सुरतेला लूमवर कामाला आलेले. तिथल्या गोडादरा भागात भाऊ लहानाचे मोठे झाले ते भाड्याच्या खोल्या बदलत. खोली सोडताना घरमालक भिंतीवरचे खिळे मोजायचा आणि शिव्या द्यायचा. म्हणून त्यांच्या घरात सगळं दोरीवर, खुंटीवर, ट्रंकेत. उद्या 'निघा' म्हटलं की उचललं आणि निघाले.

आम्ही कपड्याच्या धंद्यासाठी अॅप बनवायचो आणि ती क्लाउडवर चढवायचो. क्लाउड म्हणजे आभाळातलं काही नव्हे. दुसऱ्याच्या जागेतल्या मशीन भाड्याने घ्यायच्या, गर्दी वाढली की चार जास्त, ओसरली की परत. कुठली मशीन कधी काढून घेतील याचा नेम नाही. म्हणून जपण्यासारखं काही त्या मशीनवर ठेवायचं नाही, वेगळ्या सुरक्षित जागी ठेवायचं. नव्या पोरांना हे समजावताना इतर लोक आकृत्या काढत. भाऊ म्हणत, "भाड्याची खोली आहे भो. भिंतीला खिळा नको." पोरांना एका वाक्यात कळे.

एकाने ऐन दिवाळीत साड्यांचे सगळे फोटो मशीनवरच ठेवले. गर्दीत मशीन बदलली आणि फोटो गेले. व्यापारी फोनवर रडकुंडीला आलेला. भाऊंनी कोड बघितला, "शी!" म्हणाले आणि उठून हात धुवायला गेले. खरोखर साबण लावून. घाणेरडा कोड वाचला की ते हात धुवायचेच.

लाभपाचमीला, दिवाळीनंतरच्या धंद्याच्या मुहूर्ताला, शेठ नव्या अॅपला कुंकू लावायला निघाले, तेव्हा मशीन कुठे आहे ते कुणालाच सांगता येईना. "मशीन ज नथी?" मशीनच नाही, म्हणून शेठ ताट घेऊन हिंडत होते. भाऊंनी अगदी गंभीर चेहऱ्याने वायफायचा डबा पुढे केला. त्याला कुंकू लागलं, दारात नारळ फुटला, आम्ही पेढे खाल्ले.

मी कोडच्या तपासणीचं काम करायची. आमचं घर मूळचं लातूरकडचं, त्यामुळे ऑफिसात घरच्यासारखं मराठी बोलायला मला भाऊ एवढे एकच. माझ्या चुकीने एकदा अॅप शेठसमोर बंद पडलं, तेव्हा "माझंच राहून गेलं" असं म्हणून शेठची बोलणी त्यांनी खाल्ली. जेवताना आपल्या आईने दिलेलं वांग्याचं भरीत ते न विचारता माझ्या डब्यात वाढत. हे सगळं खरं आहे. हे खरं नसतं तर पुढचं इतकं लागलं नसतं.

मग कडोदऱ्याकडच्या एका डाइंग मिलचं काम आलं. मिलचं रंगाचं पाणी खाडीत जायचं आणि ती खाडी गोडादऱ्यात थेट भाऊंच्या आईच्या खिडकीखालून वाहायची. तिथल्या बायकांनी वासाच्या तक्रारी करकरून वरच्या अधिकाऱ्यांना जेरीस आणलं होतं, आणि सगळ्यांच्या पुढे भाऊंची आई. शेवटी ठरलं की पाणी सोडायच्या जागी घाण मोजणारं यंत्र बसवायचं आणि त्याची मोजणी कुणालाही मोबाइलवर दिसेल असं करायचं. पाणी ठीक असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल.

भाऊंनी ते अॅप जीव ओतून बनवलं. "हे आईसाठी आहे, ताई," असं मला म्हणाले. बनवलंही असं, की मिलमधलं इंटरनेट गेलं तर मोजणी तिथल्या यंत्राच्या डब्यात जमा होत राहावी आणि लाइन आली की आपोआप वर जावी. मिलच्या मॅनेजरला हे माहीत नव्हतं. तो घाण पाणी सोडायच्या आधी नेटची वायर काढायचा आणि नंतर लावायचा. वायर लावल्याबरोबर सगळी लाल मोजणी, ज्या त्या वेळेसकट, लोकांच्या मोबाइलवर हजर! भाऊ खुर्चीत मागे रेलून हसत होते. "काढू दे वायर. डबा काही विसरत नाही."

मिलमालकाने शेठला झापलं. बाकीच्या मिलचं कामही हातचं जाईल, म्हणाला. शेठ भाऊंपाशी येऊन गोड आवाजात म्हणाले, "भाई, आटलुं करी आपो ने." एवढंच करून द्या. उशिरा आलेली मोजणी फेकायची आणि मधल्या रिकाम्या जागी आधीची चांगली मोजणी भरायची.

भाऊ उठले, हात धुऊन आले. "हे घाणीचं काम माझ्याकडून होणार नाही," असं सगळ्यांसमोर म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की मी जागेवरून टाळीच वाजवली. शेठ जराही चिडले नाहीत. "ठीक छे. आपल्या कतारगामच्या ऑफिसातली टीम करेल," म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी तो बदल माझ्यासमोर आला. मी तो उघडला. कतारगामवाल्यांचं काम नव्हतं हे, अक्षर ओळखावं तसं ओळखू आलं.

"भाऊ, हे कुणी लिहिलं?"

"मीच."

"तुम्ही?"

"अगं, त्यांच्या हातात गेलं असतं तर सगळ्या अॅपचा उकिरडा केला असता त्यांनी. जागोजागी खिळे. मी बघ ना, कसं केलंय. एका बाजूला, वेगळं, छोटंसं. बाकी कुठे धक्का नाही. चढवताना अॅप क्षणभरही बंद पडणार नाही."

आणि ते थांबले. मी 'वा' म्हणावं म्हणून थांबले!

धाकाने केलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पैशासाठी केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण या माणसाने आपल्या आईच्या डोळ्यांत धूळ फेकायचं काम दुसऱ्याला दिलं नाही, कारण दुसऱ्याने ते गबाळं केलं असतं. काम होतंही देखणं. एक चूक सापडली नाही मला. उकिरड्याची घाण निदान नाकाला कळते. ही घाण इस्त्री करून, घडी घालून ठेवलेली होती.

"आणि तुमची आई?" मी विचारलं.

"पाणी काय अॅपने घाण होतं का, ताई?" ते म्हणाले. त्या दिवशी ते हात धुवायला उठले नाहीत.

मी त्या बदलाला होकार दिला नाही. शेठनी तो होकार दुसऱ्याकडून घेतला. भर दुपारी तो क्लाउडवर चढला आणि कुणाला कळलंही नाही. थोड्याच दिवसांत मी नोकरी सोडली. शूर वगैरे नाही मी, त्यांच्या शेजारी बसून डबा खाववेना. पुढे भाऊही बंगळुरूला मोठ्या कंपनीत गेले. तिथे नव्या पोरांना शिकवतात म्हणे, आणि पोरं त्यांच्यावर खूश आहेत. असणारच.

आई मात्र गोडादऱ्यातच राहिली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिने मला जेवायला बोलावलं. गल्लीच्या तोंडाशीच मी ओढणी नाकाला लावली. खाडी जांभळी झाली होती. आमरस वाढता वाढता ती कौतुकाने सांगत होती, की आता बायका तक्रारीला जात नाहीत, तिनेच सगळ्यांना थांबवलं.

"मावशी, वास येतोय," मी म्हणाले. "ते अॅप खोटं दाखवतंय. मलाही वास येतोय."

तिने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"दख, हिरवं शे. मना पोऱ्यानं बनाडेल शे, ते खोटं कसं रही? आपलं नाकच बिघडी गयं, माय."

आणि माझा जीव गुदमरतोय असं वाटून तिने उठून खाडीकडची खिडकी सताड उघडली.